डिकीतला दोष

नफीसने डिकीचं दार विसाव्यांदा उघडलं आणि विसाव्यांदा बंद केलं. मोटरवर गुणगुणत ते वर गेलं, तसंच खाली आलं. मग त्याने मध्ये पुठ्ठ्याचा खोका धरला. दार खोक्याला टेकलं आणि शहाण्यासारखं परत वर गेलं.

"कोई फॉल्ट नहीं आ रहा, सर," हातातल्या स्कॅनरकडे बघत तो म्हणाला.

मानसने बायकोकडे पाहिलं नाही. दिल्लीत मुनिरकाच्या त्या गॅरेजमध्ये लुंबिनी एका जुन्या टायरवर बसली होती, आणि हे वाक्य आपल्याच अंगावर येऊन पडलंय हे तिला न बघताही कळलं होतं.

नऊ दिवसांपूर्वी, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरखाली, हेच दार तिच्या सासूबाईंच्या हातावर पडलं होतं. अरुणाबाई डिकीतून भाजीच्या पिशव्या काढत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. लुंबिनी तेव्हा गाडीच्या पुढच्या दाराशी उभी होती आणि किल्ली तिच्या हातात होती. दार आपोआप खाली आलं, असं ती तेव्हाही म्हणाली आणि आजही म्हणत होती.

"आपोआप काही येत नाही," प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून अरुणाबाईंनी पुण्याच्या दोन्ही बहिणींना फोनवर सांगितलं. "किल्लीवर बटण असतं. आणि मी एवढी ओरडले तरी ही जागची हलली नाही. आपल्यातली असती तर धावली असती."

हलली नाही, हे खरं होतं. एक क्षण, फार तर दोन, लुंबिनी थिजून उभी राहिली होती. गेले काही दिवस ऑफिसात फाइलवर सही करतानासुद्धा ती मध्येच थांबून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहायची. लागला असेल का बटणाला?

मानस जवळ आला. नफीसला कळू नये म्हणून मराठीत, हळू आवाजात बोलला. "ऐक. चुकून दाबलं गेलं म्हण. सॉरी म्हण आणि संपव. आईला तेवढंच हवंय."

"आणि तुला?"

"मला घरात शांतता हवीये, यार."

"मी दाबलं नाही, मानस."

"मग ते मशीन खोटं बोलतंय का?"

लुंबिनीने वर पाहिलं. गॅरेजच्या शेडचा पत्रा इतका खाली होता की नफीस दर वेळी दार मध्येच थांबवत होता. ती उठली.

"भैया, गाड़ी बाहर निकालो. उस दिन दरवाज़ा पूरा ऊपर था."

"आता त्याला कामही तूच शिकवणार," मानस पुटपुटला.

नफीसने मात्र गाडी बाहेर गल्लीत घेतली. दार या वेळी पार वर गेलं. छताजवळ, बिजागरीपाशी, तारा झाकणारी रबरी नळी होती. ती आता पूर्ण वाकली. नफीसने ती दोन बोटांनी जराशी पिळली.

दार सुटलं. किल्ली नफीसच्या खिशात होती, बटणाला कुणाचाही हात नव्हता. नफीसने घाईने खोका पुढे केला. दार थांबलं नाही. खोका चेपत, फाडत ते थेट खाली गेलं.

मग नफीस म्हणाला, "मॅडम सही बोल रही थीं."

त्याने रबरी नळी सोलून दाखवली. दोन तारांची वेष्टनं घासून गेली होती आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. एक तार दार बंद करायच्या बटणाची, दुसरी दाराच्या कडेला बसवलेल्या पट्टीची. मध्ये हात आला तर दाराला तीच पट्टी कळवते. दार पुरतं वर गेलं की दोन्ही तारा एकमेकींना चिकटायच्या. मग बटण न दाबताच दार खाली यायचं आणि मध्ये हात आलेला त्याला कळायचाच नाही.

लुंबिनीला हायसं वाटायला हवं होतं. तिला फक्त थकल्यासारखं झालं. नफीसने तारांचा खराब भाग कापून टाकला, नवे तुकडे जोडले, वर टेप गुंडाळली. तो खाली मान घालून काम करत असताना मानस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"चलो, बरं झालं," तो म्हणाला. "पण आईला हे सांगायला नको आता. पुण्यात सगळ्यांना सांगून बसलीये ती. उगाच तिचा कमीपणा होईल."

"आणि माझं काय?"

"तुझं काय? आपल्या दोघांना माहितीये ना. आणि मला तर माहीत होतंच. मी कधी संशय घेतलाय का तुझ्यावर?"

लुंबिनी नफीसच्या हातांकडे बघू लागली.

नफीसने नळी जागेवर बसवली, दार पार वर नेलं आणि बंद होताना स्वतःचा हात कोपरापर्यंत मध्ये घातला. दार हाताला टेकलं, थबकलं, परत वर गेलं. त्याने तीनदा तसं केलं. चौथ्यांदा करायच्या आत लुंबिनीने पुढे होऊन त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. बटणावर अंगठा ठेवला आणि नवऱ्याकडे वळली.

"दाराखाली हात ठेव," ती म्हणाली. "मी दाबते."

मानस हसला. ती हसली नाही. त्याने नफीसकडे पाहिलं, मग वर उघड्या दाराकडे, मग तिच्या अंगठ्याकडे. त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. ते तिथेच राहिले.