अंगणाची सीडी

पावसाळ्याआधी दिलेल्या सीडीचं उत्तर दिवाळी आली तरी येईना, म्हणून मृत्युंजय स्वतःच कोडोलीला बाळासोंच्या बंगल्यावर गेला. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्याचं डोकंच फिरलं. बागा करून देण्याचा आपला धंदा वाढावा म्हणून हौसेनं बनवलेली ती सीडी पाखरं हाकलायला पेरूच्या झाडाला टांगली होती. बागांचे फोटो, मागं बासरी, आणि बाळासोंच्याच अंगणाचा आराखडा त्यानं स्वतःच्या आवाजात समजावलेला. सगळं वाऱ्यावर गरगरत होतं.

"टांगायच्या आधी एकदा बघायची तरी," तो दातओठ खात म्हणाला.

"बघितली की पावणं," झोपाळ्यावरून बाळासो म्हणाले. "गड्याला शेजारी बसवून बघितली. लई बारीक समजावून सांगितलंसा."

तेव्हा कुठं मृत्युंजयनं पायाखाली पाहिलं. फरशांची वळणदार वाट, हिरवळीचा उतार, कोपऱ्यातलं कमळाचं टाकं, सगळं त्याच्याच आराखड्यातलं होतं. त्यानं हिसका मारून सीडी तोडली.

"न्या, न्या. पुढचं अंगण झालं," बाळासो म्हणाले. "मागल्या अंगणाची आणलीसा न्हवं?"