ओढ्याचा उगम

आत्याने गढूळ पाण्याची बादली साइट ऑफिसच्या पायरीवरच रिकामी केली.

"घे. तुझ्या इमारतीचं पाणी," ती म्हणाली. "ओढ्यात उभी राहिले तर माझेच पाय मला दिसत नाहीत."

भाची इंजिनियर. तिची आई गेल्यावर याच आत्याने तिला वाढवलं होतं. आत्याच्या परसामागून वाहणाऱ्या ओढ्यात ती पोहायला शिकली होती. भर उन्हाळ्यातही तो कधी आटला नव्हता. आता वरच्या उतारावर तिच्याच देखरेखीखाली पाया खणला जात होता आणि पावसाची सर आली की सगळी तांबडी माती ओढ्यात उतरत होती.

"आत्या, मी बघते."

"बघू नकोस. काहीतरी कर."

त्याच दिवशी तिने खोदकाम थांबवलं. मुकादमाने डोक्याला हात लावला.

"मॅडम, मालक आपल्याला कच्चं खातील."

"खाऊ देत. आधी माती अडवू."

उताराच्या कडेने चर खणून त्यात खडी भरली. त्यापुढे जाड कापडाचं कुंपण ठोकलं. पाणी निवळायला मोठा खड्डा केला, उघड्या मातीवर पेंढा अंथरला. मालक येऊन तोंडसुख घेऊन गेले, पण ती जागची हलली नाही. मग सगळे खाली उतरले आणि ओढा जिथून सुरू होतो त्या डोहातला गाळ हातांनी उपसू लागले. गाळाखाली कैक वर्षांचा कुजका पाला होता. तोही काढला. मुकादम आधी कुरकुरत होता, पण शेवटी काम सोडवेना म्हणून चिखलातून त्यालाच ओढून बाहेर काढावं लागलं.

त्या रात्री पावसाने झोडपून काढलं. सकाळी ती जीव मुठीत धरून धावली. खड्डा तांबड्या पाण्याने काठोकाठ भरला होता. कुंपण वाकलं होतं, पण तुटलं नव्हतं.

खाली डोहाच्या काठाशी आत्या गुडघाभर पाण्यात उभी होती.

"हळू ये," ती कुजबुजली. "पाणी ढवळू नकोस."

पाणी इतकं नितळ होतं की आहे की नाही कळू नये. तळाशी एका जागी वाळू उसळत होती, खाली बसत होती, पुन्हा उसळत होती. जणू जमीन श्वास घेत होती. भोवती नखाएवढे मासे फिरत होते.

"या घरात आल्यापासून हे पाणी बघतेय," आत्या म्हणाली. "पण ते जन्मताना आज पाहिलं."

मुकादमाने हेल्मेट काढून हातात घेतलं. आत्याने भाचीचा चिखलाने माखलेला हात धरला आणि सोडलाच नाही.

बातमी पसरली. लोक येत, काठावर बसून राहत. पाणीखात्याचा एक साहेबही आला. तो गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ त्या नाचणाऱ्या वाळूकडे बघत राहिला. त्याचे डोळे पाणावले.

"किती वर्षं शोधतोय आम्ही हे," तो हलकेच म्हणाला.

"माझ्या भाचीने शोधलं," आत्या म्हणाली.

साहेबाने भाचीचा हात दोन्ही हातांत घेतला.

"उपकार झाले, मॅडम. धरणावरून येणारी आमची मोठी पाइपलाइन नेमकी कुठे फुटलीय, तेच सापडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत बंद करून टाकतो."