कठड्यापर्यंतची रेघ

वेल्डर गॅलरीचा गंजलेला कठडा खांद्यावर घेऊन भाऊजींच्या नाकासमोरून गेला, तरी भाऊजींना पत्ता नाही. डोळ्यांवर हेडसेट, कानांत लढाईचा गदारोळ आणि हात हवेत सपासप. तिचे हे धाकटे दीर नोकरीला लागले, तरी त्यांचा खेळ काही सुटला नव्हता.

“साहेब माझं मुंडकं उडवतायत बघा!” वेल्डर हसला. “कठडा संध्याकाळी बसवून देतो, ताई. तोवर गॅलरीचं दार लावून घ्या.”

“लावते हो.”

पण ते धूड लिफ्टपर्यंत न्यायला त्याला कुणाचा तरी हात लागणार होता. म्हणून ती गॅलरीचं दार तसंच टाकून गेली. परत आली, तेव्हा भाऊजी गॅलरीत होते.

कठडा नाही. चौथा मजला!

हा हेडसेट मुळात टीव्हीखालच्या कन्सोलचा. तिकडे भाऊजी कोचावर मांडी ठोकून खेळायचे, कुणाला ताप नाही. मग कसलीशी डबी आणून त्यांनी तो आपल्या कॉम्प्युटरला जोडला आणि इथले खेळ म्हणे चालत खेळायचे. खोली अपुरी पडायला लागली. खेळायची हद्द हेडसेटमध्येच रेघ मारून आखायची असते. भाऊजींनी ती खुशाल कठड्यापर्यंत ओढली. “कठडा आहे की, वहिनी. पडतोय कुठे?” त्यात आणखी एक खोड. खेळ अडकला की आधी कठड्याला पाठ टेकायची, मग निवांत हेडसेट काढायचा.

“भाऊजी!” ती ओरडली. ऐकतंय कोण!

धावत जाऊन दंड धरावा, तर मागे एकदा नुसता खांद्याला हात लावला होता, तेव्हा ते केवढ्यांदा उसळले होते. इथे उसळले तर? ते खोलीकडे तोंड करून उभे होते. टाचांमागे हातभर फरशी, त्यापलीकडे काही नाही.

तिची नजर वायरीवर गेली. टेबलावरच्या डबीतून निघून ती फरशीवरून थेट भाऊजींच्या डोक्यापर्यंत गेली होती. त्या वायरीला कुणी हात लावायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. गेली खड्ड्यात ताकीद! तिने वायर डबीतून खसकन उपटली.

हवेतले हात थांबले. हुश्श! तिला रडूच यायचं बाकी होतं.

“अडकलं वाटतं,” भाऊजी वैतागून म्हणाले. “नेमकं जिंकताना! ह्याच्या तर...”

आणि तिला एकदम आठवलं, खेळ अडकला की ते काय करतात.

“भाऊजी, हलू नका!”

ती किंचाळली, पण झाकलेल्या कानांपर्यंत नुसती हाकच पोचली, आणि ती रोजच त्यांना जेवायला अशीच हाका मारायची.

“आलो हो, वहिनी. जरा टेकू तर द्या.”

डोळे तसेच झाकलेले. भाऊजींनी सवयीने पाठ मागे टाकली.

वायरीचं सुटलेलं टोक तिच्या मुठीत होतं. तिने दुसरा हातही त्यावर आवळला. वायर फरशीवरून उचलली गेली आणि ताठ होत गेली.