खाली घेतलेला हात

क्रेनवाल्याचा हात वरच होता. युनियनच्या अध्यक्षाने दोनदा घसा खाकरला, मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली, तरी तो हात काही खाली येईना.

गोदीत एक जुना रिवाज होता. उचलायचा माल धोक्याचा वाटला, दोर झिजलेला दिसला, तर कुणीही हात वर करायचा. एक जरी हात वर असला तरी हुक हलायचा नाही. या रिवाजाने कित्येकांचे जीव वाचवले होते. क्रेनवाला तर बारीकसारीक शंकेलाही हात वर करायचा, म्हणून सगळे त्याला नकारघंटा म्हणत. पण या वेळी दोर कोरे करकरीत होते आणि पेट्याही शाबूत होत्या. आत बंदुका आणि काडतुसं होती, समुद्रापलीकडच्या मित्रदेशासाठी. तिथे लढाई पेटली होती.

"द्यायच्या की नाही ते वरच्यांनी ठरवलंय," अध्यक्ष म्हणाला. "तू कशाला मध्ये पडतोस?"

"मी जे उचलणार, ते कुठेतरी कुणाच्यातरी अंगावर पडणार," क्रेनवाला म्हणाला. "याहून धोक्याचा माल कुठला असतो, सांगा ना."

अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या, अर्ध्याने शिव्या दिल्या. बाहेर तरी वेगळं काय चाललं होतं? टीव्हीवर चार शहाणी माणसं रोज एकमेकांच्या अंगावर जात. मित्र संकटात असताना हात आखडता घ्यायचा का, असं एक ओरडे. आगीत तेल ओतायचं का, असं दुसरा. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी भांडत. जहाज धक्क्याला लागून आठवडा झाला होता आणि सगळा देश एका माणसाच्या काखेकडे बघत बसला होता.

तेवढ्यात त्याची बायको आत आली. ती त्याच मित्रदेशातली, लग्न होऊन इकडे आलेली. धाकट्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि लढाई सुरू होताच तो सैन्यात भरती झाला होता. फोनवर दर वेळी त्याचं एकच पालुपद असायचं. बंदुका पुरत नाहीत ताई, आम्ही वाट बघतोय. आठवडाभर ती घरात नवऱ्याशी जेवणापुरतंच बोलली होती. त्या भल्या माणसाने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला होता.

ती सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझा भाऊ तिथे रिकाम्या हातांनी उभा आहे," ती म्हणाली. "त्याच्या हातात काय देऊ? तुमचं तत्त्व?"

क्रेनवाल्याला मेहुणा आठवला. एकदा सुट्टीत आला होता तेव्हा हट्टाने क्रेनवर चढला, वरून खाली बघून पांढराफटक पडला, आणि उतरल्यावर आपल्याच फजितीवर पोट धरून हसला. पोरगा लाघवी होता. समोरच्या बाजूलाही कुणाचे तरी भाऊ असतील, हे क्रेनवाल्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बायकोच्या तोंडाकडे बघून त्याला ते बोलवेना. त्याने हात खाली घेतला.

मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांनी पाठ फिरवली. दुपारी त्याने दुसऱ्या कुणाला क्रेनवर चढू दिलं नाही. एकेक पेटी त्याने स्वतः उचलली, काचेचं सामान असावं तशी हळूच जहाजात ठेवली.

हिवाळा सरता सरता बातमी आली. मेहुणा आघाडीवर गेला होता, परत आला नाही.

टीव्हीवरची माणसं अजून भांडतच होती. आता दोन्ही बाजूंना आपलंच खरं झाल्यासारखं वाटत होतं. बायको रडून रडून अर्धी झाली, पण नवऱ्याला तिने बोल लावला नाही. "निदान त्याचे हात रिकामे नव्हते," एवढंच ती म्हणायची. क्रेनवाल्याला मात्र तो आठवडा खात राहिला. आपण तत्त्वाच्या नादाने हात वर धरून बसलो, म्हणून बंदुका उशिरा पोचल्या. आठवडाभर आधी पोचल्या असत्या तर पोरगा वाचला असता. हे तो बायकोला सांगायचा, तिची माफी मागायचा, आणि पुन्हा तेच सांगायचा.

मेहुण्याच्या तुकडीतला एक जखमी सैनिक उपचारासाठी इकडच्या इस्पितळात आल्याचं कळलं, तेव्हा दोघं त्याला भेटायला गेली. सैनिकाच्या दंडापासून बोटांपर्यंत पट्ट्या होत्या. त्याला इकडची भाषा येत नव्हती. तो बोलायचा आणि बायको नवऱ्याला सांगायची. मेहुणा सगळ्यांच्या नकला करायचा. झोपेत बडबडायचा. ताईच्या नवऱ्याचा त्याला फार अभिमान होता. ऐकताना दोघं थोडं हसलीसुद्धा.

मग क्रेनवाल्याने मनातलं विचारलं. "त्याला म्हणावं, खरं सांग. तो आठवडा उशीर झाला नसता तर?"

तिने विचारलं. सैनिक उशीवर मान टेकवून सावकाश बोलला. बायको त्याची चादर सारखी करू लागली.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, उशिराने काही बिघडलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो फार शूर होता."

"होताच तो," क्रेनवाला म्हणाला आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

तिची भाषा त्याला बोलता यायची नाही. त्याचे उच्चार ऐकून ती हसत सुटायची, म्हणून त्याने तो नाद कधीच सोडला होता. पण तिचे फोन वर्षानुवर्षं कानावर पडून ती भाषा त्याला समजू लागली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. सैनिक म्हणाला होता, "बंदुका पुरत नव्हत्या तोवर आम्ही त्याला मागे स्वयंपाकघरात ठेवलं होतं. जहाजाला आणखी थोडा उशीर झाला असता, तर तो आजही तिथेच कांदे चिरत बसला असता."