पावणेदोन तास

घाटावर अर्धा तास झाला तरी कावळा पिंडाकडे फिरकेना. वडिलांच्या दहाव्याला बंगळुरूहून आलेला दादा सारखा घड्याळात बघत होता आणि वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

“गुरुजी, दर्भाचा कावळा शिववा आणि उरका,” दादा म्हणाला. “माझं विमान आहे.”

“काही इच्छा राहिली असेल त्यांची. शब्द देऊन बघा.”

दादानं हात जोडले. “बाबा, वृंदाकडे मी बघेन. वर्षश्राद्धालाही येईन.” कावळा फांदीवरून हलला नाही.

‘नागपूर-बंगळुरू हजार किलोमीटर असेना, विमानानं पावणेदोन तास. हाक मारली की हजर!’ हे तो चार वर्षं ऐकवत होता. शेवटचे दोन महिने बाबा रोज त्याला फोनवर हाक मारायचे आणि पुढचे पावणेदोन तास दाराकडे डोळे लावून बसायचे. हा उगवला तो चिता विझल्यावर.

वृंदा पुढे झाली. “बाबा, हा चाललाय. परत यायचा नाही. तुम्ही दाराकडे बघणं सोडा.”

तिचं बोलणं संपायच्या आत कावळा पिंडाला शिवला.