मान खाली

सकाळी सात वाजता गुटू गावाजवळच्या एका वस्तीत माइदेईने आत्याच्या तोंडाकडे रोखून पाहिलं आणि थोबाडीत खाल्ली. मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे आणि नजर जमिनीवर ठेवायची, हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. मोठ्या तापातून उठल्यापासून ही सात वर्षांची पोर मात्र प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती आणि पाठीमागून हाक मारली तर जागची हलत नव्हती. “वहिनी, ही पोर आहे की फौजदार?” आत्याने विचारलं. “वन्सं, तिला ऐकू येत नाही. ओठ बघून ओळखते ती,” आई म्हणाली. “ताटात मक्याचा साद्झा पडला की बरं ऐकू येतं!” आत्याने पोरीची मान खाली दाबली. “जा, पाणी आण.” माइदेई हलली नाही. आईने तिची हनुवटी वर उचलली आणि तेच सांगितलं. पोर बादली घेऊन धावली. “बघितलंस?” आत्या भावाकडे वळली. “चांगलं ऐकू येतं. माझंच ऐकायचं नाही तिला. अंगात काहीतरी शिरलंय.” थोरल्या बहिणीचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती. दुपारी बापाने पोरीला डोंगरापलीकडे, भुतं काढणाऱ्या पांढऱ्या झग्यातल्या बाबाकडे नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी तिकडून निरोप आला: पोर अजून तोंडाकडेच बघते, म्हणून डोळ्यांवर फडकं बांधून प्रार्थना सुरू ठेवली आहे. आई कुणालाही न विचारता पायी निघाली. ती पोचल्याचं अजून कळलेलं नाही.