रोज एक पान

"म्हातारीनं होडी किनाऱ्याला लावलीच नाही. लिहिलंस?" तिनं छताकडे बघत विचारलं.

"लिहिलं. पुढे?"

"पुढचं उद्या. पाठ अवघडली."

त्यानं पेनाला टोपण लावलं. तिला अलगद कुशीवर वळवलं, कमरेचा पट्टा सैल केला, गोळ्या हातावर ठेवल्या आणि तो शाळेत गणित शिकवायला निघून गेला.

तिच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते. बसायची आणि आधाराशिवाय चालायची बंदी होती. कादंबरी अर्ध्यावर अडली होती. तेव्हा नवराच म्हणाला, "तू सांग, मी लिहितो." तेव्हापासून रोज सकाळी आठला तो वही घेऊन पलंगाशी बसायचा. रोज एक पान. हाडाचा मास्तर, पानापानावर आकडा आणि तारीख टाकायचा. मध्येच म्हणायचा, "तुझी म्हातारी परवा एकाहत्तरची होती, आज अडुसष्टची झाली. काय खाते ते विचारून ठेव." ती हसायची, आणि सुरुवातीला तर हसताना टाके ओढले जायचे.

एवढं बोलणं या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. भांडणं होती असंही नाही. दूध आलं, गॅस संपला, किल्ली घेतलीस ना, यापलीकडे शब्दच उरले नव्हते. शेवटी दोघं शहाण्यासारखी वकिलाकडे जाऊन आली. त्यानं शाळेजवळ खोली बघितली. आणि त्याच आठवड्यात तिचे पाय बधिर झाले.

"तू चालायला लागलीस की जातो," ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता.

"बरं," ती म्हणाली होती.

आता पंचाईत अशी होती, की ती चालत होती.

बारा दिवस झाले होते. तो शाळेत गेला की ती उठायची. आधी भिंत धरून, मग न धरता, स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. एकदा टेबलाशी बसून तिनं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. बऱ्या जमल्या. तिनं तो कागद फाडला आणि ती पुन्हा आडवी झाली. सकाळी मात्र पानाऐवजी अर्धंच पान सांगू लागली. तपासणीला अजून अवकाश होता. तोवर दर शनिवारी डॉक्टरांना फोन करायचं काम त्याचं. "अजून पडूनच राहायचं म्हणतात," तो येऊन सांगायचा. तिला सुटल्यासारखं वाटायचं, आणि मागोमाग लाज वाटायची.

एका सकाळी तो खाली बसून तिच्या पायांत मोजे चढवत होता. उठताना त्यानं पलंगाची कड धरली आणि दातांवर दात दाबले. तिला उचलून-वळवून त्याचीही कंबर धरली होती. आपण या माणसाला फसवून राबवतोय, हे तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी आठला तो वही घेऊन आला, तर पलंग रिकामा. ती स्वयंपाकघरात उभी राहून दोन कपांत चहा ओतत होती.

तो दारातच थांबला. तिच्या पावलांकडे बघत राहिला.

"चालतेस की," तो म्हणाला.

"हो."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. तोही थांबला होता. मग दोघांनी चहा प्यायला.

रविवारी त्यानं कपड्यांची बॅग आणि पुस्तकांची दोन खोकी नेली. जाताना तिच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रीजला चिकटवून गेला.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच तपासणीला गेली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, तिला चालायला लावलं, वाकायला लावलं.

"छान. लिखाण सुरू केलंत ना?"

"बसते रोज आठला."

"बसायलाच हवं. महिना झाला, मी मिस्टरांना फोनवर सांगितलं होतं, त्यांना आता उठू द्या, हिंडू-फिरू द्या, टेबलाशी बसू द्या. सांगतो म्हणाले." डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सांगितलं नाही का त्यांनी?"

तिनं पर्स उघडली. आत काही शोधायचं नव्हतं.

"सांगितलं असेल," ती म्हणाली. "माझ्याच लक्षात आलं नाही."